तिठ्यावरचा थांबा

मापं घेणारा माणूस धाकटीच्या दारात पाणी प्यायला आणि तिथून थोरलीच्या पोटात दुखायला सुरुवात झाली.

ती मुळ्याच्या वाफ्यात उकिडवी बसून खुरपत होती. खुरपणाऱ्या बाईने खाली बघावं, पण थोरलीचे डोळे पहिल्यापासून वाफ्यापेक्षा बांधापलीकडे जास्त राबायचे. त्या माणसाने तिठ्यावर लांबच लांब फीत पसरली, तिचं एक टोक धोंड्याखाली दाबलं, रस्त्याची रुंदी मोजली, मोकळ्या जागेत गोल फिरून पावलं टाकली. मग रंगाचा डबा उघडून त्याने भाराच्या दगडावर वीतभर पिवळा चौकोन काढला आणि धाकटीच्या ओसरीवर जाऊन टेकला. धाकटीने पाणी दिलं. त्याने दुसऱ्यांदा मागितलं, तिने दुसऱ्यांदा दिलं. दोघं कशाला तरी हसली.

"पाणी पिताना हसू कसलं येतं?" थोरली मुळ्याला म्हणाली आणि तणाबरोबर दोन चांगले मुळे उपटून बसली.

भाराचा दगड तिठ्यावर कोण जाणे कधीपासून उभा होता. छातीइतका उंच, माथ्यावर सपाट. डोक्यावर ओझं घेऊन येणाऱ्याने त्यावर ओझं टेकवावं, दोन श्वास घ्यावेत आणि खाली शिरून पुन्हा डोक्यावर घ्यावं, एवढ्यासाठी तो होता. रोज पहाटे दोघी जावा शेतातल्या विहिरीवर भाजी धुवायच्या, वेताचे मोठे हारे भरायच्या आणि याच दगडापाशी डोक्यावर घ्यायच्या. भरला हारा एकटीला डोक्यावर घेता येत नाही. समोरून दुसऱ्या कुणीतरी हात लावावा लागतो. तेव्हा आधी धाकटी थोरलीचा हारा उचलून द्यायची. मग धाकटीचा कुणी उचलायचा, हा प्रश्न उरायचा. ती गुडघ्याचा टेकू देऊन आपला हारा दगडावर चढवायची आणि खाली शिरायची. थोरली तोवर वीस पावलं पुढे गेलेली असायची. थोरपणाचा मान तो थोरपणाचा मान, असं तिचं साधं गणित होतं.

तिन्हीसांजेपर्यंत बातमी गावभर झाली. बस येणार होती.

आजवर शहराची बस खाणीपर्यंत यायची आणि तिथून तोंड फिरवायची. खाण ते गाव ही पाऊण तासाची वाट, अर्धी चढणीची. पूर्वी शहर लांब होतं, माणसं बाजाराला जायची तेव्हाच दिसायचं. मग ते आपल्या पायांनी गावाकडे चालत यायला लागलं. आधी टेकडीपलीकडे दिवे दिसले, मग टेकडीच खाणीने खाल्ली, मग खाणीच्या अलीकडे इमारतींचे सांगाडे उभे राहिले. गेल्या वर्षी गावाच्या वेशीवरची जुनी पाटी काढून तिथे प्रभागाचा आकडा लागला. गाव एका रात्रीत शहरात गेलं, मात्र गावातल्या कुणाला जागचं हलावं लागलं नाही. कारभाऱ्याच्या ओसरीवर मिटणारी भांडणं आता चार मजली कार्यालयात जायला लागली आणि कारभारी दिवसभर आपल्याच ओसरीवर मोकळा बसून राहू लागला.

शहराने गावाला अजून दिलं काहीच नव्हतं. उलट नव्या इमारतींच्या कूपनलिकांनी विहिरीचं पाणी तळाला नेलं होतं. यंदाचा उन्हाळा तर असा, की मोटर तासभर चालली की गुळण्या टाकायची. पालक पहाटे कापला तरी खाणीपर्यंत पोचेतो मान टाकायचा आणि बाजारात दलाल जुडी हातात घेऊन न बोलता बाजूला ठेवायचा. मारलं असतं तर परवडलं असतं, पण ते बाजूला ठेवणं फार लागायचं. थोरला, म्हणजे थोरलीचा नवरा, मोजून बोलणारा. तो म्हणाला होता, "बस दारात आली तर तगू. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात वाफे मोडायचे." म्हातारी सासू वेगळ्याच कारणाने दिवस मोजत होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि दवाखाना शहरात. खाणीपर्यंत चालणं तिच्या गुडघ्यांना जमणारं नव्हतं.

म्हणजे बस सगळ्यांनाच हवी होती, थोरलीलाही. फक्त ती धाकटीच्या दारात नको होती.

यात खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते थोरली कुणाला सांगू शकत नव्हती. वाटण्या झाल्या तेव्हा निवड तिनेच केली होती. गावातलं पक्कं घर एक आणि शेताच्या कोपऱ्यावर, तिठ्याला लागून, दोन खोल्यांचं पत्र्याचं एक. सासऱ्यांनी थोरलीला विचारलं, तुला कुठलं हवं. थोरली म्हणाली होती, "तिठ्यावर धूळ फार. धाकटीला चालेल ते." धाकटीला चाललं होतं. तिने धूळ झाडली, ओसरी सारवली, कुंपणाला वेल चढवला, आणि आता शहराची बस तिच्या कुंपणाशी येऊन उभी राहणार होती. बसला वळायला मोकळी जागा तेवढीच होती. थोरलीच्या गल्लीत बैलगाडी शिरली तर मागे मागे ढकलत काढावी लागे.

थोरलीला हेवा वाटायचा. त्याला दुसरा शब्द नाही. एकाच विहिरीचं पाणी, एकाच पुड्यातलं बी, तरी धाकटीचा पालक अंगुळभर जास्त रुंद. धाकटी जुडी बांधायची ती केळीच्या सालीचा एकच वेढा देऊन, आणि जुडी बाजारात सुटायची नाही. थोरली दोन वेढे द्यायची, तिची सुटायची. दलाल आधी धाकटीच्या हाऱ्यात हात घालायचा. सासू राहायची थोरलीकडे, जेवायची थोरलीकडे, आणि गुणगान कुणाचं? आता तर म्हातारीने सकाळी उठून धाकटीच्या ओसरीवर जाऊन बसायचा नेम धरला. बस आली की आवाज आधी आपल्याला यावा म्हणून. आठ दिवसांत गावातल्या बायका धाकटीला थांबेवाली म्हणायला लागल्या. धाकटीने सावलीला एक बाकडं टाकलं, बाजूला पाण्याचा माठ ठेवला. हातात पाण्याचं भांडं घेऊन लोक तिथे बसायचे आणि अजून न आलेल्या बसची वाट बघायचे.

"बाकडं टाकलंय म्हणे," थोरली रात्रीच्या जेवणाला नवऱ्याला म्हणाली.

"चांगलंय की," तो म्हणाला.

"उद्या चहा ठेवेल. परवा दुकान घालेल. मग आपण तिच्याकडे गिऱ्हाईक म्हणून जायचं."

थोरल्याने पाणी मागितलं. तिने भांडं असं आदळलं की अर्धं पाणी त्याच्या ताटात गेलं.

मग शाळेच्या भिंतीवर कागद लागला. गुरुजींनी जमलेल्यांना वाचून दाखवला. बसमार्ग वाढवण्याचं ठरलं आहे, शेवटचा थांबा तिठ्यावर, कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कार्यालयात द्यावी. लोक हसले. बसला कोण हरकत घेणार? थोरलीही हसली. पण हरकत हा शब्द तिच्या कानात जाऊन बसला तो उठेना.

कारण हरकत म्हणजे काय, हे तिला सासऱ्यांच्या विहिरीने शिकवलं होतं. एक विहीर, दोन वाटेकरी, तेव्हा सासऱ्यांनी मरण्यापूर्वी कायदा घालून दिला होता. ज्याच्या पाण्याच्या पाळीवर दुसऱ्याने हरकत घेतली, त्याची पाळी तंटा मिटेपर्यंत दुसऱ्याकडे जाईल. तुमची भांडणं थांबतील तेव्हा थांबतील, पाणी थांबता कामा नये, असं ते म्हणायचे. तीन वर्षांपूर्वी थोरलीने एकदा हरकत घेतली होती. धाकटीच्या नवऱ्याने अर्धा तास जास्त मोटर चालवली असं तिचं म्हणणं. ते खरं की खोटं याचा निवाडा व्हायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांचं पाणी थोरलीच्या वाफ्यांत गेलं आणि धाकटीची कोथिंबीर करपली. धाकटी तेव्हा काही बोलली नव्हती.

थोरलीने तोच हिशेब बसला लावला. धाकटीच्या थांब्यावर हरकत आली की थांबा तिच्याकडून सुटणार. सुटला की दुसरीकडे जाणार. दुसरीकडे म्हणजे गावात, शाळेपाशी, आणि शाळा थोरलीच्या गल्लीच्या तोंडाशी. बस काही हवेत उभी राहणार नाही. पाण्यासारखी बसही कुठेतरी जाईलच.

एका बाजारच्या दिवशी हारा रिकामा झाल्यावर तिने धाकटीला सांगितलं, मला विळ्याला धार लावून घ्यायची आहे, तू हो पुढे. आणि ती कार्यालयात गेली. चार मजले, प्रत्येक मजल्यावर खिडक्या, प्रत्येक खिडकीवर आकडा आणि प्रत्येक आकड्यापुढे रांग. फरशी इतकी गुळगुळीत की तिने चपला काढून हातात घेतल्या. पहारेकऱ्याने घाला म्हणून सांगितलं तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिन्याखाली अर्ज लिहिणारा म्हातारा टेबल मांडून बसला होता. त्याने चष्म्यावरून आधी तिचा रिकामा हारा पाहिला, मग तिला.

"काय लिहू?"

थोरलीने सांगितलं, तिठ्यावरचा थांबा शाळेपाशी करा.

"ती सूचना झाली. सूचना या खोक्यात जातात." त्याने पायाशी असलेलं खोकं दाखवलं. त्यावर तो पाय ठेवून बसला होता. "हरकत असेल तर वर जाते. हरकत आहे का?"

"आहे."

"कारण?"

कारण थोरलीकडे एकच होतं आणि ते लिहिता येण्यासारखं नव्हतं. म्हाताऱ्याला अशा गप्प बसणाऱ्या माणसांची सवय असावी. त्याने बोटांवर मोजून नेहमीची कारणं सांगितली. रहदारीला अडचण, झाड, शाळा, जागा वादातली.

"ती शेवटची," थोरली म्हणाली.

"वाद आहे खरंच?"

"जावाजावांमध्ये वाद नसतो असं घर दाखवा."

म्हातारा हसला आणि लिहायला लागला. नाव घालायचं नसेल तर एक रहिवासी असं लिहितो, म्हणाला, पण अंगठा हवा. थोरलीने अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला. दोन वर्षांपूर्वी पालक कापताना विळा अंगठ्यातून आडवा गेला होता. तेव्हा धाकटीने आपल्या पदराची किनार फाडून तो बांधला होता. जखम भरली, पण मधली भेग राहिली. कागदावर अंगठा उमटला तो दोन तुकड्यांचा, मध्ये पांढरी रेघ सोडून. थोरलीने तिकडे नीट पाहिलंही नाही. परतीच्या वाटेवर चढण तिला नेहमीपेक्षा हलकी वाटली.

बस यायची म्हणून सांगितलेल्या दिवशी दिस उगवायच्या आत निम्मा गाव तिठ्यावर होता. म्हातारी धुतलेलं लुगडं नेसून, दवाखान्याचे कागद पिशवीत घालून बाकड्यावर बसली होती. बायकांचे हारे ओळीने मांडलेले, वर ओलं गोणपाट. थोरली आपला हारा घेऊन शाळेपाशी उभी राहिली. एकटीच.

"जाऊबाई, इकडे या की," धाकटीने हाक मारली. "थांबा इथे आहे."

"बघू," थोरली म्हणाली.

सूर्य वर आला. गोणपाट वाळलं, पुन्हा भिजवलं, पुन्हा वाळलं. बस तिठ्यावर आली नाही आणि शाळेपाशीही आली नाही. शेवटी सायकलवर एक माणूस आला. त्याने पिवळ्या चौकोनाकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि धाकटीचं घर कुठलं ते विचारलं. पत्र तिच्या नवऱ्याच्या नावाचं होतं. धाकटीचा नवरा खाणीवर रात्रपाळीचा पहारेकरी. तो नुकताच येऊन हातपाय धूत होता. त्याने ओल्या हाताने पत्र घेतलं आणि सगळ्यांपुढे वाचलं. थांब्याची जागा वादातली असल्याची हरकत एका रहिवाशाने घेतली आहे. सुनावणी होईपर्यंत मार्गवाढ थांबवली आहे. बस पूर्वीप्रमाणे खाणीपर्यंतच येईल. हरकतीची प्रत सोबत जोडली आहे.

थोरली हारा तिथेच ठेवून आली होती, ती गर्दीच्या मागे उभी होती. बस थांबली हे तिला कळलं, पण ती दुसरीकडे का गेली नाही, हे काही केल्या कळेना. पाणी कुठेतरी जातंच. मग बस कशी नुसती थांबते?

ज्याने त्याने त्या रहिवाशाच्या नावाने बोटं मोडली. म्हातारी बाकड्यावरून उठली, तिला पिशवी सापडेना, ती तिच्याच हातात होती. "आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी अवलाद," ती म्हणाली. "माझे डोळे असे गेले त्यापायी." थोरलीने पुढे होऊन तिचा हात धरला. सासूने तो घट्ट धरला, कारण तिला दिसत नव्हतं.

हरकतीची प्रत हातोहात फिरून धाकटीकडे आली. धाकटीला अक्षर फारसं वाचता येत नव्हतं. तिने कागद सरळ धरला, खाली जिथे अंगठा होता तिथे पाहिलं, आणि जरा जास्त वेळ पाहिलं. मग चार घड्या घालून तो कनवटीला खोचला आणि म्हणाली, "चला. भाजी सुकतेय."

त्या दिवशी सगळ्या बायका टळटळीत उन्हात खाणीपर्यंत चालल्या. थोरलीचा अर्धा हारा दलालाने बाजूला ठेवला. धाकटीचाही ठेवला. एवढं एक पाहून थोरलीला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची लाज वाटली. पण आधी बरंच वाटलं.

सुनावणी आठ दिवसांनी शाळेच्या पडवीत झाली. कार्यालयातला साहेब आला, खुर्ची बुटकी म्हणून टेबल ओढून त्यावरच बसला. माणूस वाईट नव्हता. त्याने सरळ सांगितलं, वाद काय ते मला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही. हरकत घेणाऱ्याने पुढे यावं, मागे घेतो म्हणावं, अंगठा द्यावा, पुढच्या सोमवारपासून बस सुरू. कुणी आलं नाही तर कागद जसाच्या तसा राहील आणि पुढचा आराखडा होईपर्यंत बस खाणीपर्यंतच. आराखडा कधी होतो, असं कारभाऱ्याने विचारलं. साहेब म्हणाला, दोन वर्षं धरा.

"आहे का कुणी?"

थोरली खांबाला टेकून बसली होती. तिचा अंगठा मुठीत होता, मूठ पदराखाली. उठावं असं तिला वाटलं. खरंच वाटलं. म्हातारी समोर बसली होती, तिची ती पिशवी आजही मांडीवर. थोरला भिंतीशी उभा होता आणि पुढच्या उन्हाळ्यात मोडायच्या वाफ्यांचा विचार करत असणार. उठून चार पावलं टाकायची, एवढंच. पण चार पावलं टाकली की काय होईल? गाव तोंडात शेण घालील ते वेगळंच. वर बस येऊन उभी राहील ती धाकटीच्याच दारात. धाकटी थांबेवाली होईल आणि आपण हरकतवाली. एकाच पावलात तिचं दुप्पट आणि आपलं शून्य.

तिने धाकटीकडे पाहिलं. धाकटी तिच्याचकडे बघत होती. रागाने नाही. हारा उचलून द्यायच्या आधी समोरच्या बाईने मान नीट धरली का हे बघतात, तशी बघत होती.

थोरलीने नजर काढून घेतली. साहेबाने आणखी दोनदा विचारलं, घड्याळ पाहिलं आणि कागदांना दोरी बांधली. गाठ त्याने एकच मारली, पण घट्ट.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघींनी रोजच्यासारखी भाजी धुतली. पाण्याने इतका तळ गाठला होता, की बादलीत निम्मा गाळ यायचा. जुड्या निथळल्या, हारे भरले, वर गोणपाट टाकलं आणि तिठ्यावर आणले. पूर्वेकडे फटफटत होतं. दगडावरचा पिवळा चौकोन अजून तसाच होता. बाकड्यावर कुणी नव्हतं, म्हातारी आज आलीच नव्हती.

थोरलीने चुंबळ डोक्यावर ठेवली. धाकटीने समोरून हाऱ्याला हात घातला, दोघींनी एकदम उचलला, गुडघा, छाती, डोकं. ओल्या पालकाचं पाणी थोरलीच्या मानेवरून पाठीत गेलं. तिचे दोन्ही हात वर, हाऱ्याच्या काठाला. धाकटीने आपला हात लगेच काढला नाही. तिने एका बोटाने थोरलीच्या अंगठ्यावरची भेग चाचपली.

"अंगठा जपा, जाऊबाई," ती म्हणाली. "कागदावरसुद्धा त्याचे दोन तुकडेच उमटलेत."

थोरलीला हात खाली घेता येईना. घेतला असता तर हारा गेला असता.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मग काल बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते. तुम्ही बोलाल म्हणून."

धाकटी वळली आणि आपली चुंबळ झटकायला लागली. मग तिच्याकडे न बघता म्हणाली, "मी बोलले असते तर या गावात तुमच्या हाऱ्याला कुणी हात लावला नसता. मग तो मलाच उचलावा लागला असता. तो तर मी आताही उचलतेय."

तिने आपला हारा गुडघ्यावर घेतला, तिथून दगडावर चढवला, खाली शिरली आणि उभी राहिली. इतकी वर्षं थोरली तोवर वीस पावलं पुढे गेलेली असायची. आज तिने ते पहिल्यांदा पाहिलं. उठताना धाकटीच्या तोंडातून बारीक आवाज आला आणि गुडघा एकदा लटपटला. मग ती चालायला लागली, आणि आज पुढे ती होती.

थोरली मागून निघाली. तिला मान खाली घालायची होती. रस्ता फाटावा आणि आत जावं असं तिला झालं होतं. पण डोक्यावर भरला हारा असला की मान खाली घालता येत नाही, आणि खाण पाऊण तास लांब होती. समोर धाकटीची पाठ चालली होती. थोरलीने मनाला पुष्कळ आवरलं, तरी मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की हिला गप्पसुद्धा बसता येतं. तेही हिलाच जमलं. पालक रुंद असला तर एक वेळ बी बदलता येईल, याला काय करायचं?

अर्ध्या वाटेवर धाकटीचा नवरा समोरून आला. रात्रपाळी संपवून डबा हलवत घरी निघाला होता. बायकोला त्याने माठात पाणी आहे का ते विचारलं. मग थोरली जवळ आल्यावर वाट देऊन बाजूला उभा राहिला आणि नेहमीसारखं मोकळं हसला. म्हणजे हिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"वहिनी, आज मोठ्या ताठ मानेनं निघालात," तो म्हणाला.

"भार आहे," थोरली म्हणाली आणि चालत राहिली.